मेलेली गाय आणि बबनच्या तीन ओळी

बबन पाईकराव आजवर इतक्या वेळा मेलाय की कांताबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारायचंच सोडून दिलंय. दारूच्या गुत्त्याच्या झुलत्या दारातनं उडून मेलाय. चर्चच्या पायऱ्यांवर मेलाय. घोड्यावरनं पडून, पाण्याच्या हौदात बुडून, बँक लुटताना, बँक वाचवताना. एकदा तर गोळी लागायच्या आधीच मेला, कारण समोरच्याची बंदूक अडकली आणि डायरेक्टर ओरडला, "अरे पड ना!" हा पडला. तोच शॉट सिनेमात ठेवला!

आणि हे सगळं कुठे, तर हॅम्पशायरमध्ये. साउथहॅम्प्टनहून गाडीनं निघालं की अर्ध्यापाऊण तासात एका शेतकऱ्याचं रान लागतं. त्या शेतकऱ्याला काउबॉय पिक्चरचं असलं वेड की त्यानं रानात अख्खं लाकडी गाव उभं केलं. एक मातीचा रस्ता, गुत्ता, बँक, तबेला, शेरीफचं ऑफिस, आणि मागची भिंतच नसलेलं चर्च. नाव ठेवलं कॉपर बेंड. आधी हौशी लोक शनिवार-रविवारी टोप्या घालून तिथे ठो ठो करायचे. मग सिनेमावाले यायला लागले. मग अमेरिकेतनं, थेट लॉस एंजेलिसहून यायला लागले, कारण म्हणे इथे स्वस्त पडतं. म्हणजे बघा, बबन हॉलीवूडला कधीच गेला नाही. हॉलीवूडच बस पकडून त्याच्याकडे आलं.

बबन मूळचा हिंगोलीकडचा. कांताबाई नर्स, त्यांना इथे हॉस्पिटलात नोकरी लागली आणि त्यांच्या मागोमाग हा आला. वर्षानुवर्षं साउथहॅम्प्टनला बस चालवली. डेपोतला एक जण एका रविवारी म्हणाला, चल, पिक्चरमध्ये गर्दीला माणसं पाहिजेत, जेवण फुकट. बबन गेला. तिथल्या मेकअपवाल्या बाईनं त्याच्याकडे बघितलं आणि खूशच झाली. कारण हा चेहरा कुठेही चालतो! मिशी लावली की मेक्सिकन दरोडेखोर. केस लांब केले की आदिवासी. काळा झगा घातला की इटालियन पाद्री. एकदा चिनी आचारी केला होता, त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

चाळिशी उलटल्यावर तो घोड्यावर बसायला शिकला. पडायलाही शिकला, आणि ते बसण्यापेक्षा अवघड असतं. गुत्त्यातला ग्लास टेबलावरनं सरकवायचा तर थेंब सांडायचा नाही, हे घरी किचनच्या ओट्यावर शिकला. कांताबाईंचे चार ग्लास फुटले. पण एक गोष्ट त्याला कुणी करूच दिली नाही. बोलू दिलं नाही. एवढ्या सिनेमांमध्ये एक शब्द नाही! आणि तिथला नियम असा की बोललं तर शेवटी पडद्यावर नाव येतं. नाही बोललं तर तुम्ही टेबल-खुर्चीसारखे. असतात, पण कुणी मांडल्या ते कुणी विचारत नाही.

लेस्टरला एप्रिलमध्ये जयंतीचा मोठा कार्यक्रम असतो, लांबलांबून आपली माणसं येतात. तिथे हॉलच्या दारातच सुरू व्हायचं.

"आले आले, हॉलीवूड आले! औंदा कुठं मेलात म्हणायचं, पाईकराव?"

"मेलो नाय औंदा. नुसता जखमी हाय."

"म्हणजे बढतीच की हो!"

सगळे हसायचे, बबनही हसायचा. पण एकदा त्याचा नातू विहान, सात वर्षांचा, सोफ्यावर त्याच्या शेजारी बसून पिक्चर बघत होता. बघता बघता म्हणाला, "आजोबा, टीव्हीत तुम्हाला बोलता येत नाही का?" बबननं त्याच्या केसांवरनं हात फिरवला आणि उठून उगीचच किटली लावली. ते मात्र लागलं. आतपर्यंत लागलं. त्या दिवशी त्यानं ठरवलं की मरण्याआधी, म्हणजे खरंखुरं मरण्याआधी, पडद्यावर बोलायचं.

आणि गेल्या उन्हाळ्यात ते जमलं!

केली नावाची डायरेक्टर अमेरिकेहून आली होती. तिशीची असेल, कायम गुडघ्यापर्यंत चिखलात, आवाज बसलेला. तिचा पिक्चर दुष्काळाचा. नदी आटलीय, गुरं मरतायत, गावातला बडा जमीनदार बाकीच्यांचं पाणी तोडतोय. त्यात तबेल्यावरचा एक म्हातारा. केलीनं गर्दीतनं बबनला बाहेर काढलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "हा. हाच माझा तबेलेवाला." तबेलेवाल्याला तीन ओळी होत्या. जमीनदार घोडा न्यायला येतो तेव्हा म्हातारा त्याच्या डोळ्यांत बघून म्हणतो: नदी मेली, साहेब. आता गायी मरतील. मग तुम्ही.

बस. एवढंच. इंग्लिशमध्ये तर अजूनच छोटं. पण बबननं त्या तीन ओळी बाथरूममध्ये म्हटल्या, बागेत म्हटल्या, सुपरमार्केटात कांदे निवडताना म्हटल्या. शेजारची बाई दचकली. कांताबाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या नदीपायी मला झोप नाही. सकाळी ड्यूटी आहे माझी. 'मग तुम्ही' एवढं तरी हळू म्हणा, मला वाटतं मलाच म्हणताय."

मुलगी मृणाल बेसिंगस्टोकला आयटीत, इथेच वाढलेली, मराठी मोडकीतोडकी. तिनं फोनवर ऑर्डरच दिली, "बाबा, पिक्चर आला ना की आपण पूर्ण थिएटर बुक करायचा. मी सिरियस आहे. तुमचं नाव आला की मी रडणार, आय अ‍ॅम टेलिंग यू."

बबननं फोन ठेवला आणि परत बागेत गेला. नदी मेली, साहेब.

त्याच्या सीनच्या दिवशी सकाळपासून भुरभुर. म्हणजे दुष्काळाचा सीन आणि वरनं पाणी, इंग्लंडच ते! रस्त्यावर प्लास्टिकच्या ताडपत्र्या टाकून ठेवलेल्या, पोरं पोत्यांमधनं खोटी धूळ घेऊन तयार, पाऊस थांबला की उधळायची. सगळे कोट सांभाळत गुत्त्याच्या छपराखाली दाटीवाटीनं उभे. बबनच्या शेजारी जयंत अभ्यंकर. हा पण बेसिंगस्टोकचा, आयटीतला, पन्नाशीचा, मंडळाच्या गणपतीत नाटकं बसवणारा. त्याला उंच टोपी घालून बँकवाला केलेलं होतं. तो वर्षातनं दोन-तीनदा सुट्टी काढून यायचा, आणि सेटवर मराठी बोलायला दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. त्यामुळे जमायचं बऱ्यापैकी.

"बबनराव, आज तुम्ही स्टार. आम्ही आपले टोपीखाली."

"टोपी सांभाळ तू. मागल्या वेळेस घोड्यानं खाल्लती."

इतक्यात ट्रकमधनं गाय उतरली. मेलेली, रबराची, आतनं वाळू भरलेली. काय बनवली होती! डोळे अर्धे उघडे, जीभ बाहेर, बरगड्या वर आलेल्या. चार माणसांनी ती तबेल्यासमोर ठेवली आणि केली तिच्याभोवती फिरायला लागली. फिरता फिरता तिला काहीतरी सुचलं. ते तोंडावरच दिसलं. तिनं छपराखाली उभ्या असलेल्या सगळ्या लोकांकडे बघितलं, बँकवाला, न्हावी, शेरीफ, बायका, गुराखी, पाचपन्नास माणसं. नजर फिरत फिरत आली आणि तिनं बोट केलं.

बबनकडे.

"तू," ती म्हणाली. "जमीनदार येतो तेव्हा तू ही गाय दोरानं ओढत रस्त्याबाहेर नेतोयस. गावात कुणी मेलेल्या जनावराला हात लावत नाही, हे काम तुझंच आहे. ओढता ओढता थांबतोस, वर बघतोस, आणि तुझ्या तीन ओळी. कसलं भारी होईल!"

दोर आणून बबनच्या हातात दिला. जाड, काथ्याचा.

आता इथे थोडं थांबायला पाहिजे, कारण बबनच्या हातात तो दोर आला तेव्हा तो काही हॅम्पशायरमध्ये नव्हता. त्याचा आजा, किसन पाईकराव. गावात कुणाचंही ढोर मेलं की सांगावा एकाच दिशेला यायचा, पाईकरावांच्या घराकडं. पाटलाचा बैल असो नाहीतर सोनाराची म्हैस. भर पावसात, घरात बाळंतीण असली तरी, जायचं आणि ओढायचं. मग बाबासाहेबांचा शब्द गावोगाव पोचला, की हे सोडा. आणि किसन पाईकरावानं पाटलाच्या दारात जाऊन सगळ्यांसमोर दोर खाली टाकला. म्हणाला, आजपास्नं ज्याचं ढोर त्यानं न्यावं. त्यानंतर गावानं त्यांना दुकान बंद केलं, दळण बंद केलं, शेतावरचं काम बंद केलं. आजीनं अंबाडीची पाला-भाजी उकडून पोरं जगवली. पण दोर परत कुणी उचलला नाही. ही गोष्ट बबननं लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की त्याला वाटायचं आपण तिथे होतो.

त्यानं दोर गायीच्या पोटावर ठेवला. फेकला नाही, नीट ठेवला.

"हे मी नाय करणार," तो इंग्लिशमध्ये म्हणाला.

केलीला वाटलं पाठीचा प्रॉब्लेम. "जड नाहीये तेवढी, आम्ही खाली चाकाची फळी लावू."

"पाठ चांगली हाय माझी. पण नाय करणार."

केलीनं आकाशाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, म्हणाली, जेवणाची सुट्टी लवकर घेऊ, तेवढ्यात विचार कर. आणि गेली.

बबन चर्चच्या मागे, म्हणजे जिथे चर्चला मागच नाही तिथे, जाऊन बसला आणि घरी फोन लावला. मृणाल आईकडेच आली होती, तिनंच उचलला. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "बाबा, पण... तो गाय लिटरली रबर आहे. इट्स नॉट रिअल. तुम्ही मेलेला माणूस करता, चोर करता, तेव्हा चालतं ना?"

"मरण कुणालाबी येतं, मृणाल. चोर कुणीबी असतो. हे काम कुणालाबी नव्हतं येत."

मग कांताबाईंनी फोन घेतला. त्यांचा आवाज वॉर्डातल्यासारखा, सरळ.

"हे बघा, तीन ओळींसाठी किती वर्षं थांबलात ते मला माहितीय. मी नाही सांगणार हे करा न ते करू नका. फक्त संध्याकाळी घरी आल्यावर मला काय सांगायचं, तेवढं आधी ठरवा. आणि जेवून घ्या, गोळी आहे तुमची."

बबन उठला. ठरलं होतंच खरं तर. ओळी गेल्या तर गेल्या. असा तो जेवणाच्या गाडीकडे निघाला, आणि वाटेत जयंत धावत आला. टोपी हातात, तोंडभर हसू.

"झालं काम, बबनराव! मी बोललो केलीशी. गाय ओढायची नाही तुम्ही. आणि लाइन्स तुमच्याच! तबेल्याच्या दारात उभं राहून म्हणायच्या. एका मिनिटात पटलं तिला."

बबनला काही कळेना. "असं कसं? काय सांगितलंस तू?"

"अहो, सोप्पं! म्हटलं, ही इज इंडियन, गाय त्याला पवित्र आहे, देव आहे. मेलेल्या गायीला असा दोर लावणं म्हणजे धर्माच्या विरुद्ध. गोऱ्यांना हे लगेच कळतं. ती बिचारी इतकी सॉरी सॉरी करायला लागली! म्हणाली, मी किती इन्सेन्सिटिव्ह."

बबननं हातातला फोन खिशात ठेवला.

"अहो, थँक्यू तरी म्हणा!" जयंत त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

आणि मग सुरू झालं. मेकअपवाल्या बाईनं येऊन दोन्ही हात जोडून नमस्कार केला. एक पोरगी खुर्ची घेऊन आली, एवढ्या वर्षांत त्याला सेटवर कुणी खुर्ची दिली नव्हती! कुणीतरी गायीवर चादर घातली, त्याला दिसू नये म्हणून. केली लांबूनच छातीवर हात ठेवून वाकली. बबन खुर्चीत बसला आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात आलंच, की काय हरकत आहे? आपण काही खोटं बोललो नाही. ओढायचं नव्हतं, ओढत नाहीये. बोलायचं होतं, बोलणार आहोत. नाव येणार. विहान बघणार. गप्प तर बसायचंय फक्त, आणि गप्प बसण्यात आपल्याइतका अनुभव या अख्ख्या सेटवर कुणाला आहे!

असा विचार करत तो जेवणाच्या रांगेत लागला. त्या दिवशी बीफचा रस्सा होता, पावाबरोबर. वास असा सुटलेला, आणि पावसानं अंग गारठलेलं. बबन त्या गाडीवर कायम बीफच घ्यायचा, वाढणाऱ्या बाईला माहीत होतं. तिनं त्याला बघितलं आणि चेहरा एकदम हळवा केला.

"अरे देवा, एवढी वर्षं मी तुला... तू मला सांगायचंस ना! आज तुझ्यासाठी वेगळं ठेवलंय हं."

आणि तिनं त्याच्या ताटात पास्ता वाढला. पांढरा, थंड, वर दोन मटार.

बबन म्हणाला, थँक्यू.

तो ताट घेऊन बाकावर बसला. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. समोर सगळे रस्सा ओरपत होते आणि त्याच्याकडे बघून जरा आडोसा करत होते, पाव तोंडाशी धरून, जणू ते काही चोरून खातायत. तिसरा घास त्याला गिळेना. आपल्या आज्यानं गाय पवित्र म्हणून दोर टाकला होता काय? आजी अंबाडीचा पाला शिजवत बसली, ती गाय पवित्र म्हणून? ज्यांनी उपाशी मारलं त्यांचीच गोष्ट आपण स्वतःच्या नावावर लावून घेतली, आणि वर खुर्ची मिळाली म्हणून बसलो. पास्ता खात!

त्यानं ताट खाली ठेवलं आणि उठला. वाटेत जयंत.

"चालला कुठे? मेकअप..."

"केलीकडं. खरं सांगाया."

जयंतचा चेहराच पडला. "अहो बबनराव, वेड लागलंय का? सगळं नीट झालंय. धर्माचं कारण दिलं की त्यांना ऐकावंच लागतं. ते दुसरं सगळं सांगत बसलात तर तिला काय कळणार? जात म्हणजे काय इथपासनं सुरुवात! आणि इथे कोण बघतंय? मी तुमच्यासाठी केलं हो."

"ते दिसलं मला. माझ्यासाठी केलंस. पण सांगितलंस कुणाचं? तुझं सांगितलंस, जयंता. माझं नाय."

जयंत टोपी फिरवत राहिला.

केली कॅमेऱ्याच्या गाडीशेजारी उभी राहून सफरचंद खात होती. पाऊस थांबला होता, ढग फाटत होते, आणि सगळ्यांना घाई. पोरं ताडपत्र्या गुंडाळायला लागली होती. बबन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मला गाय पवित्र नाय," तो म्हणाला. "काल बीफचा बर्गर खाल्ला मी तुझ्या गाडीवर. परवा पण."

आजूबाजूला चारपाच जण होते, ते हसावं की नाही या विचारात.

"मग?" केलीनं विचारलं.

"आमच्याकडं गाव असतं. गावात ढोर मेलं की ते ओढायचं काम ठरावीक घरांनाच लावलेलं. जन्मानं. तू आज केलंस ना बोट, तसं. माझ्या आज्यानं ते काम सोडलं. सगळ्या लोकांनी सोडलं, आणि त्याची मोठी किंमत दिली. म्हणून मी ते नाय करणार. पवित्र म्हणून नाय. उलटं हाय ते."

बोलताना त्याचा आवाज वाढत गेला होता. कॅमेरावाला थांबला. धुळीची पोती घेतलेली पोरं थांबली. एवढ्या वर्षांत सेटवर बबन पाईकराव पहिल्यांदा मोठ्यानं बोलत होता आणि कॅमेरा बंद होता!

केलीनं सफरचंद कॅमेऱ्याच्या गाडीवर ठेवलं. मग म्हणाली, "मला माहीत नव्हतं, बबन. सॉरी. पण मी पण तुला खरंच सांगते. मघाशी मी सीन मोडला, कारण मला वाटलं धर्माचं आहे, पर्याय नाही. मनातनं मला तो ओढण्याचा सीनच पाहिजे. ज्या माणसाला कुणी विचारत नाही त्याच्या तोंडी या ओळी पाहिजेत, ओढता ओढता. मी तुला जबरदस्ती नाही करणार. पण मग दुसऱ्या कुणाला देईन. ओढणं पण, ओळी पण."

"दे."

"नक्की? दारातल्या तुझ्या ओळी आत्ता या क्षणी तयार आहेत. मी वचन दिलंय, ते मी मोडणार नाही. तू फक्त हो म्हण, ओढणं सोडून देईन."

"ते वचन तू खोट्या माणसाला दिलंस. मला नाय."

केलीनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते बबनला नीट कळलं नाही, पण हळवेपणा गेला होता, आणि ते त्याला बरं वाटलं. माणसानं माणसाकडे बघावं तशी बघत होती. मग ती वळली, गर्दीवर नजर टाकली, "कोण करेल?" म्हणून ओरडली. बोट नाही केलं यावेळी. विचारलं.

कुणी हललं नाही. आणि मग छपराखालनं टोपी काढून जयंत अभ्यंकर पुढे आला. चेहरा लाल. "मी करतो," म्हणाला.

बबनला वाटलं थांबवावं. नाही थांबवलं. ज्याला यायचंय त्यानं यावं की.

जयंतला तबेलेवाल्याचा मळका शर्ट चढवला, तोंडाला काजळी फासली. फळी लावायला वेळ नव्हता, ऊन जेमतेम आलेलं. पहिल्या टेकला गाय हललीच नाही. दुसऱ्याला दोर सुटून जयंत मागे आपटला. तिसऱ्याला ओळी विसरला. बबन रस्त्याच्या कडेला गर्दीत उभा होता, आता नुसता एक गावकरी, आणि समोर दुसऱ्या माणसाच्या तोंडून त्याच्या ओळी येत होत्या. नदी मेली, साहेब. जयंत 'मेली' वर नाटकासारखा जोर द्यायचा. तसं नाही रे, तसं नाही, बबनच्या ओठांवर ओळ आपोआप यायची. पण पाय घट्ट. तो तिथून हलला नाही, तोंड फिरवलं नाही. शेवटपर्यंत बघितलं.

कट झाल्यावर जयंत धापा टाकत त्याच्याजवळ आला. तळहात सोलवटलेले.

"जड आहे हो."

"हं."

"बबनराव, मी सांगायला नको होतं तसं. मला खरंच वाटलं..."

"सांगायच्या आधी विचारायचं असतं, जयंता. आता हात धू. सोलवटलेल्या हाताला माती लागली की पिकतं." आणि मग जरा थांबून, "ती 'मेली' वर नको जोर देऊस. पुढच्या टेकला साधं म्हण. बातमी दिल्यासारखं."

पुढच्या टेकला जयंतनं साधं म्हटलं. केलीनं अंगठा वर केला. ओळी गेल्या, कायमच्या.

घरी पोचला तेव्हा कांताबाई दुपारच्या ड्यूटीवरनं येऊन, बूट काढून, पाय टेबलावर टाकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं नाही. बबननंच सांगितलं, गायीपासनं पास्त्यापर्यंत. पास्त्याला त्या हसल्या, इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले. मग उठून त्यांनी मटणाचा डबा गरम करायला ठेवला. "थंड मटार," त्या पाठमोऱ्या म्हणाल्या, "शत्रूवर पण येऊ नयेत." पण त्यांचा खांदा हलत होता, आणि बबनला कळलं की हसणं मघाशीच संपलंय. तो जाऊन शेजारी उभा राहिला. दोघं गॅसकडे बघत राहिले.

दोन दिवसांनी एजंटबाईचा फोन आला. सॅन्ड्रा. ती लंडनमध्ये बसून कुणाला कुठे मरायला पाठवायचं ते ठरवते. ती जपून जपून बोलत होती.

"बबन, कॉपर बेंडवरनं कळलं मला. हे बघ, कुणी तक्रार नाही केली. पण असं आहे की लोक विचारतात, माणूस अवघड आहे का? मी काय सांगू? त्यांना मी सरळ सांगून टाकू का, की धार्मिक कारणानं..."

"नाय." बबन उभा राहिला. फोनवर बोलताना उभं राहायची काही गरज नव्हती, पण राहिला. खिडकीतनं बाग दिसत होती. "धार्मिक बिर्मिक काय नाय. जे हाय तेच सांग. घोड्यावर बसतो. पडतो. पाहिजे तेवढ्या वेळा मरतो. दरोडेखोर कर, पाद्री कर. चिनी आचारी आता नाय. ढोर ओढत नाय."

सॅन्ड्रा लिहून घेत होती, कीबोर्डचा टकटक आवाज येत होता. "ओके. अजून काही?"

एवढ्या वर्षांत तिनं हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला होता आणि बबननं प्रत्येक वेळी म्हटलं होतं, नाय, बस, तेवढंच. काम मागायची त्याला सवयच नव्हती. कुणी बोलावलं की जायचं, पड म्हटलं की पडायचं.

"हाय," तो म्हणाला. "इथनं पुढं मला गर्दीत नको घालू. बोलायचं काम असंल तर फोन कर. एक ओळ असली तरी चालंल."

"बबन, तुझ्या वयात... आणि बोलायच्या कामासाठी ऑडिशन असते. वीस जण येतात. महिने महिने काही मिळणार नाही."

"येऊ दे की वीस. मी पण येतो. एकविसावा मी."

पलीकडे टकटक थांबली होती. मग परत सुरू झाली.

"मंगळवारी आहे एक," सॅन्ड्रा म्हणाली. "स्टेजकोच घोडागाडीतला प्रवासी. दोन ओळी. तुझा चेहरा त्यांच्या डोक्यात नाहीये, सांगून ठेवते."

"नसू दे. ओळी पाठव."

ओळी फोनवर आल्या, तसा तो बागेत गेला. थोड्या वेळानं शेजारची बाई कपडे वाळत घालायला बाहेर आली, कुंपणापलीकडनं त्याचा आवाज ऐकला, आणि यावेळी दचकली नाही. चिमटे तोंडात धरून ऐकत उभी राहिली.